एका शिफारसपत्राचे पुनर्लेखन : कोल्हापुरातील एका मेकॅनिकल विभागातले प्रकरण

हे प्रकरण कोल्हापूर परिसरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मेकॅनिकल विभागातले आहे. परदेशात उच्च शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांची कागदपत्रे पाठवण्यापूर्वी वाचून पाहण्याचे काम त्या विभागात माझ्याकडे असल्यामुळे या प्रकरणातले सगळे मसुदे माझ्या नजरेखालून गेले. विद्यार्थिनी आणि तिचे मार्गदर्शक या दोघांच्या संमतीने ते येथे मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. पत्रे इंग्रजीत होती, त्यांतला मजकूर येथे मराठीत दिला आहे.

विद्यार्थिनी अंतिम वर्षात होती आणि तिला इरास्मस मुंडुस या युरोपीय योजनेतील मटेरियल सायन्सच्या एका संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करायचा होता. ही योजना २००४ पासून चालू आहे. त्यात वेगवेगळ्या देशांतील किमान तीन संस्था मिळून अभ्यासक्रम चालवतात, विद्यार्थी एकाहून अधिक देशांत शिकतो आणि शिष्यवृत्तीसाठी निवड झाली तर त्याला दरमहा १४०० युरो मिळतात. जगभरातून अर्ज येतात, त्यामुळे चांगले गुण असलेल्यांची तेथे वानवा नसते. अर्जासोबत दोन शिफारसपत्रे मागितली होती. एक प्रकल्पाच्या मार्गदर्शकांचे आणि दुसरे, ज्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) तिने प्रकल्प केला तिथल्या गुणवत्ता विभागप्रमुखांचे, असे ठरले. मुदत जानेवारीच्या मध्यावर होती, आणि ती मध्य युरोपातील वेळेनुसार रात्री ११:५९ वाजता, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ४:२९ वाजता संपत होती.

पहिला मसुदा

डिसेंबरमध्ये ती मार्गदर्शकांकडे गेली तेव्हा त्यांनी जे सांगितले ते आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत सांगितले जाते : "तू मसुदा करून आण, मी बघून सही करतो." यामागे बेफिकिरी नव्हती. प्रात्यक्षिक परीक्षा, तोंडी परीक्षा आणि विभागाच्या फायली यांच्या गर्दीत एकाच आठवड्यात बरेच विद्यार्थी पत्र मागायला येतात आणि प्रत्येकाला मुदतीची घाई असते. आपल्याबद्दल काय लिहावे हे विद्यार्थ्यालाच चांगले ठाऊक, असाही एक समज असतो. तिने मसुदा आणला. तो असा होता :

"कुमारी अमुक हिला मी गेली तीन वर्षे ओळखतो. ती अत्यंत प्रामाणिक, कष्टाळू, नम्र व आज्ञाधारक विद्यार्थिनी आहे. तिची आकलनशक्ती उत्तम असून तिच्या अंगी नेतृत्वगुण आहेत. लहानपणापासून तिला यंत्रांची ओढ आहे. ती आपल्या नामांकित संस्थेस निश्चितच भूषण ठरेल. तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी माझ्या हार्दिक शुभेच्छा."

यातले एकही वाक्य खोटे नव्हते. तरीही हे पत्र वर्गातल्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या नावाने, नाव तेवढे बदलून, जसेच्या तसे पाठवता आले असते. माझ्या मते ही घडण आपल्या हाताला शाळेच्या वर्तणुकीच्या दाखल्यापासून लागलेली आहे. दाखल्याचे काम एवढेच, की या मुलाविरुद्ध आमची काही तक्रार नाही असे सांगावे आणि शुभेच्छा देऊन जावक क्रमांक टाकावा. निवड समितीला तक्रार नसल्याची हमी नको असते. तिच्यापुढे गुणपत्रक आहे, विद्यार्थिनीने स्वतःबद्दल लिहिलेले निवेदन आहे. या दोन्ही कागदांत जे येऊ शकत नाही, म्हणजे एखाद्या जाणत्या माणसाने तिला काम करताना पाहिले तेव्हा काय दिसले, ते समितीला शिफारसपत्रातून हवे असते.

मसुद्यात आणखी एक धोका होता. "लहानपणापासून यंत्रांची ओढ" हे वाक्य तिच्या निवेदनातही जवळजवळ त्याच शब्दांत होते. हे दोन्ही कागद एकच माणूस एकाच बैठकीत वाचतो. पत्र कोणी लिहिले असावे याचा संशय त्याला एकदा आला की मग त्यावरच्या सहीला किंमत उरत नाही. शिवाय अर्जाच्या सूचनांत शिफारसपत्र थेट शिफारस करणाऱ्याकडून, विद्यार्थ्याच्या नजरेआड आले पाहिजे, असे स्पष्ट म्हटले होते. तिने लिहिलेल्या मजकुरावर सरांनी सही करणे हा त्या अटीचा भंगच ठरला असता, ही गोष्ट मी दोघांनाही सांगितली. विद्यार्थिनी घाबरली. आपण काही गैर करतो आहोत याची तिला कल्पनाच नव्हती, आणि तिला दोष देण्याचे कारणही नव्हते. तिच्याआधीच्या प्रत्येकाने हेच केले होते.

वाळूची गोष्ट

त्यानंतर मार्गदर्शक आणि मी विभागात बसलो. मी त्यांना एकच प्रश्न विचारला, की तिने केलेले आणि तुम्ही स्वतः पाहिलेले असे काय आहे, जे दुसऱ्या कोणी केले नाही? सुरुवातीची उत्तरे पुन्हा विशेषणांतच आली : हुशार आहे, अभ्यासू आहे, वेळेवर येते. मग त्यांनी प्रकल्पाची डायरी काढली आणि पाने उलटता उलटता त्यांनाच ती घटना आठवली.

प्रकल्प शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत होता. तिथे कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागांत, बारीक छिद्रे आणि वाळूचे कण राहत असल्यामुळे रिजेक्शन, म्हणजे नापास होणाऱ्या भागांचे प्रमाण, वाढले होते. साचे ग्रीन सँडचे, म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट ही वाळू बांधून ठेवणारी चिकणमाती, कोळशाची पूड आणि पाणी यांच्या मिश्रणाचे होते. या वाळूतील ओलावा साधारणतः तीन ते चार टक्क्यांच्या आसपास सांभाळावा लागतो. फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत ओलावा रोज तपासला जात होता आणि रजिस्टरमधले आकडे सगळ्या पाळ्यांत नीट दिसत होते. त्यामुळे दोष वाळूत नसून दुसरीकडे कुठेतरी आहे, अशी सर्वांची समजूत झाली होती, आणि मार्गदर्शकांचीही तीच होती.

विद्यार्थिनी दुसऱ्या पाळीत मोल्डिंग लाइनवर, म्हणजे साचे तयार होतात तिथे, उभी असताना तिने साच्याची वाळू हातात घेतली. ती परत येऊन म्हणाली, "सर, वाळू हाताला गरम लागत होती." ओतकामानंतर साचा फोडून परत येणारी वाळू पुरेशी थंड न होता पुन्हा मिश्रणात गेली की पाण्याची वाफ होत राहते. मिक्सरपाशी योग्य असलेला ओलावा मोल्डिंगपर्यंत कमी होतो, आणि वाळूतून निघालेली वाफ त्यामानाने थंड असलेल्या पॅटर्नवर (साच्याला आकार देणाऱ्या नमुन्यावर) किंवा कोअरवर (पोकळी ठेवण्यासाठी साच्यात बसवलेल्या गाभ्यावर) पाणी होऊन बसते. वाळूचे तापमान ५० अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाऊ लागले की हा त्रास ठळक होतो, हे ओतकामात माहीत असलेले आहे. पण फाउंड्रीत नमुना मिक्सरपाशी घेतला जात होता, लाइनवर नव्हे. म्हणून रजिस्टर निर्दोष दिसत होते.

मार्गदर्शकांनी तेव्हा तिला सांगितले होते, की तुझ्या मोजणीत चूक असेल, थर्मामीटर तपासून घे. पुढच्या भेटीला तिने दोन वेगवेगळ्या थर्मामीटरांच्या नोंदी शेजारीशेजारी मांडून आणल्या, मिक्सर आणि लाइन अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी घेतलेले ओलाव्याचे आकडे आणले आणि म्हणाली, "सर, चूक असती तर दोन्हींत सारखीच कशी आली असती?" नोंदींना तारीख होती, पाळी होती, वेळ होती. मार्गदर्शकांनी आपले मत बदलले, आणि फाउंड्रीने नमुना घेण्याची जागा बदलली.

हे ऐकून झाल्यावर आम्ही पहिला मसुदा पुन्हा समोर ठेवला. त्यात "आज्ञाधारक" असे लिहिले होते. जी विद्यार्थिनी पुरावा घेऊन शिक्षकांच्या मताविरुद्ध उभी राहिली, तिच्याबद्दल समितीला आज्ञाधारकपणा कळवला जाणार होता. संशोधनाच्या शिक्षणासाठी माणसे निवडणाऱ्यांना तिच्या अंगचा जो गुण सर्वांत आधी कळायला हवा होता, तोच पत्राने झाकला होता.

मुलींच्या पत्रांत असे विशेषकरून होते, असे मला वाटते, आणि त्याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतील एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापकपदांसाठी आलेल्या तीनशेहून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रियांविषयीची पत्रे सरासरीने आखूड होती, त्यांत कष्टाळूपणावर भर होता आणि शंका उत्पन्न करणारी वाक्येही अधिक होती. पुरुषांच्या पत्रांत संशोधन ठळकपणे येत होते. लिहिणाऱ्यांना कोणाचे वाईट करायचे नव्हते. तसेच आपल्याकडेही "मुलगी नम्र आहे, सर्वांशी मिळून मिसळून वागते" हे शिक्षक मनापासून आणि कौतुकाने लिहितात. पण पानाची जागा मर्यादित असते, आणि स्वभावाचे कौतुक वाढले की कामाचे वर्णन आखडते.

नवे पत्र, आणि त्यात न घातलेल्या गोष्टी

मार्गदर्शकांनी नवे पत्र स्वतः लिहिले. पहिल्या परिच्छेदात ते तिला कोणत्या नात्याने ओळखतात हे नेमके सांगितले : कोणता विषय शिकवला, प्रकल्पाला किती काळ मार्गदर्शन केले, भेटी किती वरचेवर होत. दुसऱ्या परिच्छेदात परदेशी वाचकाला लागणारी दोन-तीन वाक्यांची पार्श्वभूमी दिली, की महाविद्यालय १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे आणि कोल्हापूर हे देशातील ओतकाम उद्योगाच्या प्रमुख केंद्रांपैकी एक आहे, त्यामुळे तिचा प्रकल्प महाविद्यालयाच्या वर्कशॉपमधला नसून चालू उत्पादनावरचा होता. आपण इथले असल्यामुळे शिरोली, गोकुळ शिरगाव ही नावे आपल्याला बोलकी वाटतात. दूरच्या वाचकाला ती काहीच सांगत नाहीत.

पत्राचा गाभा असलेला परिच्छेद साधारण असा होता :

"फाउंड्रीच्या नोंदींनुसार वाळूतील ओलावा योग्य होता आणि माझेही मत तेच होते. तिने मोल्डिंग लाइनवर वाळूचे तापमान मोजून नोंदींची जागाच चुकीची असल्याचे दाखवले. मी तिच्या मोजणीवर शंका घेतली तेव्हा तिने वाद घातला नाही. दोन उपकरणांनी दोन ठिकाणी एकाच वेळी घेतलेल्या नोंदी आणून मला दाखवल्या. त्या पाहून मी माझे मत बदलले. त्यानंतर फाउंड्रीने नमुना घेण्याची जागा बदलली असून ते रजिस्टर मी स्वतः पाहिले आहे."

एकही विशेषण नसताना ही विद्यार्थिनी कशी आहे ते यातून कळते.

यात रिजेक्शन किती कमी झाले हे नाही, आणि ते जाणूनबुजून गाळले आहे. फाउंड्रीतून चांगला आकडा सांगितला गेला होता आणि तो घालण्याचा मोहही मार्गदर्शकांना झाला होता. परंतु त्याच सुमारास बेंटोनाइटचा पुरवठादार बदलला होता, आणि सुधारणेतला किती वाटा कशाचा हे त्यांना ठामपणे सांगता येत नव्हते. जे आपण पाहिले तेवढेच लिहायचे, हा निर्णय त्यांनी घेतला. तो मला फार मोलाचा वाटतो, कारण पत्रातला एक आकडा मुलाखतीत डळमळला तर शेजारच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास जातो, आणि त्याचे नुकसान विद्यार्थिनीला सोसावे लागते.

उणिवेचा उल्लेख करावा का, यावर आमची बरीच चर्चा झाली. तिच्या अहवालाचा पहिला खर्डा विस्कळीत होता, आलेखांवर एकके नव्हती. उणीव लिहिली तर अर्ज मागे पडेल अशी मार्गदर्शकांना धास्ती होती. शेवटी एक वाक्य ठेवले : प्रयोगातल्या नोंदींइतकी शिस्त तिच्या लेखनात सुरुवातीला नव्हती, दुसऱ्या खर्ड्यापर्यंत तिने ती आणली, पण लांब अहवाल लिहिताना तिला अजून मार्गदर्शन लागेल. एवढे स्पष्ट सांगितल्यामुळे उरलेल्या पत्राचे वजन वाढले, असे माझे मत आहे. मात्र ही सवलत ज्या पत्रात ठोस गुण आधी दाखवले आहेत त्यालाच घेता येते. विशेषणांच्या पत्रात उणिवेचे एक वाक्य घातले तर तेवढेच एक वाक्य ठोस ठरते आणि वाचणाऱ्याच्या लक्षात तेच राहते.

तिसऱ्या सत्रातले गुण हा नाजूक भाग होता. तिचे घर पंचगंगेच्या काठच्या गावात आहे आणि जुलै २०२१ च्या महापुरात ते पाण्याखाली गेले होते. घरच्यांबरोबर ती काही काळ निवारा केंद्रात होती आणि त्या सत्रात तिचे गुण घसरले. हे पत्रात येऊ नये असे तिचे म्हणणे होते. "दया म्हणून घेतलं असं नको, सर," असे ती म्हणाली, आणि तिचा हा मुद्दा रास्त होता. दुसऱ्या बाजूने, गुणपत्रकातला तो खड्डा समितीला दिसणारच होता आणि त्याचे कारण न कळल्यास ते मनाने काहीतरी ठरवणार होते. हेच कारण विद्यार्थ्याने स्वतः दिले तर सबब वाटते, शिक्षकाने दिले तर माहिती ठरते. तिने विचार करून संमती दिल्यावर मार्गदर्शकांनी एवढेच लिहिले, की त्या सत्राच्या आधी आलेल्या महापुरात तिचे कुटुंब विस्थापित झाले होते आणि पुढच्या प्रत्येक सत्रात तिचे गुण आधीच्या पातळीवर किंवा तिच्या वर आहेत. पुराचे वर्णन केले नाही, सहानुभूतीचा शब्दही घातला नाही. तिने नकार दिला असता तर ते वाक्य आम्ही घातले नसते. घरातल्या अडचणी, आजारपण, आर्थिक ओढाताण यांबद्दल विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय काही लिहिण्याचा अधिकार शिक्षकाला नाही, याबाबत मी ठाम आहे.

दोन पत्रे, एक समिती

मध्येच असे लक्षात आले, की याच वर्गातला दुसरा एक विद्यार्थी त्याच अभ्यासक्रमाला अर्ज करतो आहे आणि त्याचे मार्गदर्शकही हेच आहेत. ऑनलाइन फॉर्ममध्ये पत्राखेरीज एक तक्ता होता, ज्यात विद्यार्थी पहिल्या १, ५, १० की २५ टक्क्यांत बसतो हे निरनिराळ्या गुणांसाठी निवडायचे होते. आपल्याकडे अशा वेळी सगळ्या ओळींत सर्वांत वरचा पर्याय निवडला जातो. शिक्षकाला वाटते, खालचा निवडला तर आपणच आपल्या मुलाचे पाय ओढले. पण दोन्ही अर्ज एकाच टेबलावर जाणार होते आणि दोघेही प्रत्येक बाबतीत पहिल्या १ टक्क्यात असतील, तर शिक्षकाच्या मोजपट्टीवरच प्रश्नचिन्ह लागले असते.

मार्गदर्शकांनी गेल्या काही वर्षांत मार्गदर्शन केलेल्या विद्यार्थ्यांची यादी समोर घेतली आणि प्रत्येक ओळीचा वेगळा विचार केला. प्रायोगिक कामात त्यांनी विद्यार्थिनीला वर ठेवले, संगणकीय विश्लेषणात आणि लेखनात त्या विद्यार्थ्याला. दोन्ही पत्रांत तुलना कोणाशी केली आहे हेही लिहिले. हे काम जड होते. पुढे कधी त्याच विद्यापीठाकडे विभागातून पत्र गेले तर ते विश्वासाने वाचले जाईल, हा त्याचा दुसरा आणि माझ्या दृष्टीने मोठा फायदा आहे. एका शिक्षकाने सढळ हाताने वाटलेल्या स्तुतीची वसुली पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांकडून होते.

फाउंड्रीतले पत्र त्यामानाने लवकर झाले. गुणवत्ता विभागप्रमुखांना आपल्या इंग्रजीची काळजी होती आणि "तुम्हीच लिहून द्या, साहेब" असे त्यांनी म्हटले. आम्ही ते नाकारले आणि तुम्हाला जे सांगायचे ते साध्या वाक्यांत लिहा, अशी विनंती केली. त्यांचे पत्र अर्ध्या पानाचे झाले. ती शिकायला आली होती, तिने आमची तपासणीची जागा बदलायला लावली, भट्टीवरच्या माणसांना प्रश्न कसे विचारायचे हे तिला कळत होते आणि ती माणसे तिला खरे सांगत होती, असे त्यात होते. शेवटचे वाक्य कोणत्याही प्राध्यापकाला सुचले नसते. अर्थ कळत नव्हता तेवढ्या दोन जागा त्यांना विचारून नीट केल्या, बाकी भाषेला हात लावला नाही. अडचण आली ती ईमेलची, कारण फॉर्मला संस्थेचाच पत्ता हवा होता आणि फाउंड्रीत सगळे जीमेल वापरत होते. अभ्यासक्रमाच्या कार्यालयाला आधीच लिहून परवानगी घेतली. मुदतीच्या रात्री हे लक्षात आले असते तर अर्ज अपुरा राहिला असता.

निकाल आणि त्यानंतर

विद्यार्थिनीला मुलाखतीला बोलावले गेले. मुलाखतीत तिला वाळूच्या तापमानाबद्दल आणि शिक्षकांशी झालेल्या मतभेदाबद्दल विचारले, म्हणजे पत्र नुसते जोडले गेले नव्हते, वाचले गेले होते. शिष्यवृत्तीसाठी मात्र ती प्रतीक्षा यादीत राहिली आणि त्या वर्षी तिचा क्रमांक लागला नाही. दुसऱ्या विद्यार्थ्याची निवड झाली. मार्गदर्शकांना त्याचे वाईट वाटले. तक्त्यात आपण तिला दोन ओळींत खाली ठेवले म्हणून असे झाले का, असे त्यांनी मला विचारले. याचे उत्तर कोणालाच देता येणार नाही, कारण निवडीत गुण, निवेदन, मुलाखत आणि इतर अर्जदारांची पातळी हे सगळे असते. माझ्या मते त्या ओळी तशाच राहायला हव्या होत्या. ती सध्या त्याच फाउंड्रीत काम करते आहे. पुन्हा अर्ज करताना दोन्ही पत्रांत या कामाची भर पडेल.

विभागात आता पत्र मागणाऱ्या विद्यार्थ्याला मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी यावे लागते. तो मसुदा आणत नाही. तो गुणपत्रक, निवेदन, अभ्यासक्रमाची माहिती आणि या शिक्षकांसमोर आपण केलेल्या कामांतल्या दोन-तीन घटना, तारखांसह, एका पानावर लिहून आणतो. शिक्षकाला ठोस काही आठवत नसेल तर त्याने तसे मोकळेपणाने सांगून दुसऱ्या शिक्षकांचे नाव सुचवावे, असेही ठरले आहे. नकार देणे आपल्याकडे कठीण जाते, पण कोमट पत्रापेक्षा वेळेवर दिलेला नकार विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगी पडतो.

एक प्रश्न मात्र यातून सुटलेला नाही. साठ-सत्तरांच्या वर्गात असे अनेक जण असतात, ज्यांना कोणत्याच शिक्षकाने काम करताना जवळून पाहिलेले नसते. ते मागच्या बाकावर बसतात, प्रकल्पाच्या गटात चौघांत एक असतात आणि अहवालावर त्यांचे नाव शेवटी येते. त्यांच्याविषयी चांगले पत्र लिहिता येत नाही, कारण लिहिण्याजोगे पाहण्याची सोयच आपण केलेली नसते. म्हणून यंदापासून प्रकल्पाच्या डायरीत गटाची एकत्र नोंद न करता प्रत्येक विद्यार्थ्याने त्या आठवड्यात काय केले याची वेगळी ओळ मार्गदर्शकाने स्वतःच्या हाताने लिहायची, असे ठरवले आहे. काही सहकाऱ्यांना हे वाढीव काम वाटते, आणि दोन गटांच्या डायऱ्या अजूनही जुन्याच पद्धतीने भरल्या जात आहेत. पुढच्या सत्राच्या सुरुवातीला त्या सर्व डायऱ्या एकत्र पाहून ही पद्धत तिसऱ्या वर्षालाही लावायची का, हे विभागाच्या बैठकीत ठरणार आहे.